पडलेल्या मुलाला पुन्हा सायकलवर बसवू नका

सल्ला देण्याआधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या एका माउंटन बाइक शर्यतीत माझा मुलगा पडला आणि मीच त्याला उठवून पुन्हा सायकलवर बसवलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. शर्यत कुठली आणि आयोजक कोण, हे सांगत नाही, कारण चूक माझी होती. मुरमाड उतारावर पुढचं चाक घसरलं, तो हँडलवरून पुढे फेकला गेला आणि डोक्याची उजवी बाजू जमिनीवर आपटली. हेल्मेट होतं. शुद्ध हरपली नाही, रडलाही नाही. मी दोरीखालून आत घुसलो, हँडल सरळ केलं, चेन बसवली आणि पाठीवर थाप मारून म्हणालो, "चल, अजून तिसरा आहेस." तो निघाला. पाचवा आला.

परत येताना गाडीत त्याने विचारलं, "पप्पा, मी कितवा आलो?" सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. शहादा येईपर्यंत चार वेळा. चौथ्या वेळी मला घाम फुटला. गाडी कडेला घेतली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, हातापायांची ताकद पाहिली, आज कोणता वार म्हणून विचारलं. वार चुकला. रात्री सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. पण पुढचे तीन आठवडे वर्गात फळ्याकडे पाहिलं की त्याचं डोकं दुखायचं, पाठ असलेले पाढे मध्येच अडकायचे. आता तो ठणठणीत आहे. त्यात माझ्या अकलेचा काही वाटा नाही, नशिबाचा आहे. दुसऱ्या कुणाचा बाप ओपीडीत येऊन हीच गोष्ट सांगता, तर मी त्याला चांगलंच सुनावलं असतं.

म्हणून हा लेख भांडायला लिहितो आहे. भांडण सायकलशी नाही. मूल मोबाइल खाली ठेवून तोरणमाळच्या सातपायरी घाटात किंवा मोलगीकडे जाणाऱ्या देवगोई घाटात घाम गाळत असेल तर डॉक्टर म्हणून मला आनंदच आहे. माउंटन बाइकिंग १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये आपल्या देशात, केरळातल्या पोनमुडीला झाली, आणि आपल्या शेजारच्या संगमनेरची प्रणिता सोमण याच खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव कमावून बसली आहे. उद्या हे नाव सातपुड्यातल्या एखाद्या मुलीचं असावं. माझं भांडण दोरीबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांशी आहे. तुमच्याशी, आणि माझ्याशीही.

मूल स्वतः थांबत नाही, एवढं आधी लक्षात घ्या. शर्यतीत पडलेल्या मुलाला "बरं वाटतंय ना?" असं विचारलं तर ते "हो" म्हणणार. सायकल हप्त्यावर घेतली आहे हे त्याला माहीत असतं. आई पहाटे चारला उठून डबा करून आली आहे हे माहीत असतं. काका व्हिडिओ काढत असतात. "ऊठ भो, ऊठ, चालव!" असं दहा जण ओरडत असताना "माझं डोकं गरगरतंय" म्हणायला फार मोठं धैर्य लागतं, आणि नेमका त्याच क्षणी त्याचा मेंदू धड काम करत नसतो. त्यामुळे "तोच म्हणाला मी ठीक आहे" ही सबब चालत नाही. हादरलेल्या मेंदूलाच मेंदू हादरला आहे का म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय?

हादरतं म्हणजे काय होतं? घट्ट झाकणाच्या डब्यातलं कवडी दही आठवा. डबा हातातून पडला, फुटला नाही, चरासुद्धा गेला नाही. पण झाकण काढलं तर दही मोडलेलं असतं. मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोकं एकदम थांबलं किंवा झटक्यात वळलं की तो आत हलतो, ताणला जातो. पेशींचं आत-बाहेरच्या क्षारांचं गणित बिघडतं आणि ते सावरायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त साखर लागते, नेमकी तेव्हाच ती पुरेशी मिळत नाही. हाड मोडलेलं नसतं, रक्त साठलेलं नसतं. काम बिघडलेलं असतं. याला आम्ही कन्कशन म्हणतो. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर दाखवतो, कामातला बिघाड दाखवत नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे रविवारी खेळू शकतो" हे वाक्य साफ चूक आहे. माझ्याच मुलाचा स्कॅन नॉर्मल होता.

दुसरा गैरसमज शुद्धीचा. "चक्कर येऊन पडला नाही, म्हणजे काही नाही." कन्कशन झालेल्या बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही. पाहायचं ते वेगळंच असतं: मूल गोंधळलेलं दिसतं, एकच प्रश्न पुन्हा विचारतं, पावलं अडखळतात, उजेड आणि आवाज नकोसा होतो, मळमळतं, विनाकारण रडतं किंवा चिडतं, "धुक्यात असल्यासारखं वाटतं" म्हणतं. यातलं काही लगेच दिसतं, काही संध्याकाळी घरी गेल्यावर. तिसरा गैरसमज हेल्मेटचा. हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदूच्या गंभीर इजा फार कमी करतं, पण आतला हादरा ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. हेल्मेट होतं म्हणून तपासायची गरज नाही असं होत नाही.

नियम मात्र अगदी सोपा आहे. डोक्याला मार लागल्यावर वरचं एखादंही लक्षण दिसलं, किंवा नुसती शंका आली, तर त्या दिवसाची शर्यत संपली. "शंका आली तर बाहेर काढा" हा खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमताचा गाभा आहे. त्यांची सहावी परिषद ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झाली. कारण पहिल्या हादऱ्यातून सावरण्याआधी दुसरा बसला तर बरं व्हायला फार जास्त वेळ लागतो, आणि क्वचित, पण मुख्यतः किशोरवयातच, मेंदूला अचानक सूज येऊन काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. तिसऱ्या नंबरासाठी हा जुगार कोणता बाप शुद्धीवर राहून खेळेल? मी खेळलो, कारण मला त्या क्षणी फक्त क्रमांक दिसत होता.

सायकलिंगमध्ये हे जास्त अवघड आहे, हेही मान्य करतो. फुटबॉलमध्ये खेळाडूला बाहेर घेऊन तपासता येतं, बदली खेळाडू आत जातो. सायकलस्वार थांबला की शर्यत गेली, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. म्हणूनच सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने कन्कशनसाठी स्वतंत्र नियमावली केली आणि ती २०२१ पासून लागू झाली. स्वार पडतो त्या ठिकाणी डॉक्टर नसतो हे तिच्यात गृहीत आहे, म्हणून प्रशिक्षक, मेकॅनिक अशा सगळ्यांनाच लक्षणं ओळखायला शिकवा असं ती सांगते. आपल्याकडच्या शर्यतीत प्रशिक्षकही नसतो. तिथे असता तुम्ही. शाळा कोणती, सकाळी नाश्त्याला काय खाल्लं, मागच्या फेरीत पुढे कोण होतं, असे चार प्रश्न विचारा. उत्तर अडखळलं तर सायकल उचला. उत्तरं बरोबर आली तरी डोकं दुखतंय म्हणाला तर सायकल उचलाच. पोरगं रडेल, आठ दिवस तुमच्याशी बोलणार नाही. चालेल.

पुढे काय? पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत कोंडून नाही. घरात हिंडू-फिरू द्या, मोबाइल आणि टीव्ही कमी करा. मग हळूहळू चालणं, अर्धा दिवस शाळा, पूर्ण शाळा, सपाटीवर हलकी सायकल. एकेका पायरीवर किमान एक दिवस थांबायचं, त्रास वाढला तर एक पायरी मागे. शाळा आधी, शर्यत शेवटी. हा क्रम उलटा करू नका. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. डोंगरावरचा उतार मात्र डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. "झोपू देऊ नका, झोपला तर बेशुद्ध होईल" असं आजी सांगते. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर खुशाल झोपू द्या. पहिल्या रात्री एक-दोनदा हलकेच जागं करून नीट बोलतो का तेवढं बघा. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरे, दुकानातून दुसरी कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नको.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठणं, झटका, बोलणं बोबडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणं, मानेत तीव्र दुखणं: यातलं एक जरी दिसलं तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन. मान दुखत असेल तर मुलाला बसवू किंवा उचलू नका. इथे आपल्या जिल्ह्याचा भूगोल आठवा. धडगाव किंवा मोलगीच्या वरच्या पाड्यावरून खाली यायलाच किती वेळ जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. मेंदूची शस्त्रक्रिया लागली तर आपल्याकडचे बहुतेक नातेवाईक सुरतेचा किंवा नाशिकचा रस्ता धरतात. नंदुरबारहून सुरतच दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. पुण्यातल्या शर्यतीत एखादी चूक कदाचित खपून जाईल. सातपुड्यात नाही.

आता पोट. याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. मूल कमी वेगात पडतं तेव्हा हँडल आडवं फिरतं आणि त्याचं टोक बरगडीखाली पोटात घुसतं. वरून रुपयाएवढा गोल वळ दिसतो, कधी तोही नाही. आत मात्र यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड फाटू शकतं, आतडं चिरडू शकतं, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. मूल पांढरंफटक पडलं, डावा खांदा दुखतोय म्हणालं, पोट कडक झालं, उलट्या होऊ लागल्या तर थेट मोठ्या दवाखान्यात. पोट चोळायचं नाही, ओवा-सोडा द्यायचा नाही. हँडलच्या टोकाचं रबर फाटून उघडी नळी दिसते अशी सायकल शर्यतीत उतरवू नका. रबरी ग्रिपची जोडी अगदी किरकोळ पैशांत मिळते.

प्लीहा, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात, तिच्यावरून आपल्या जिल्ह्याच्या खास प्रश्नाकडे येतो: सिकलसेल. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांमधून हा आजार आणि त्याचे वाहक आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत. लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. ज्यांना आई-बाप दोघांकडून हा गुण आला ते रुग्ण, रिपोर्टवर एसएस. एकाकडूनच आला ते वाहक, एएस. आफ्रिकेतल्या रुग्णांची प्लीहा बहुधा लहानपणीच आक्रसून निकामी होते. आपल्याकडच्या प्रकारात ती बऱ्याच मुलांत मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते, म्हणजे बरगडीच्या आडोशाबाहेर येऊन हँडलच्या वाटेत उभी असते. ज्या मुलाची पानथरी हाताला लागते त्याला उताराच्या शर्यतीत उतरवायचं नाही. या एका गोष्टीवर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

एसएस मुलाने व्यायामच करू नये असं मात्र नाही. चालणं, सपाटीवर सायकल, थकलं की थांबणं, भरपूर पाणी, हे सगळं त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर. दम लागेपर्यंतची चढाई आणि तोरणमाळच्या थंड पहाटे घामेजलेल्या बनियनवर वाऱ्यात उतार, हे मात्र वेदनेला दिलेलं आमंत्रण आहे.

वाहकाची गोष्ट वेगळी, आणि इथे पालकांची भीती मला समजते. "कार्ड दाखवलं तर पोराला शर्यतीतून काढतील," म्हणून कार्ड घरी ठेवलं जातं. कार्ड पाहून वाहक मुलाला काढणारा आयोजक अडाणी समजावा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू डेल लॉइड सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकलसेल वाहक होता आणि हे कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयीन खेळाडूंची ही स्थिती नोंदवली जाऊ लागली. पण गोष्टीचा दुसरा भागही ऐका. अमेरिकन सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका जास्त दिसला, मृत्यूचा मात्र नाही. त्या सैन्यात उन्हात पाणी पिणं, विश्रांती घेणं, हळूहळू सराव वाढवणं हे नियम सरसकट सगळ्यांना लागू होते. म्हणजे वाहकाला वेगळं काढायची गरज नाही. सगळ्यांनाच नीट वागवलं की वाहकही वाचतो.

वाहक मूल शर्यतीत कोसळतं तेव्हा ते पेटका आल्यासारखं किंचाळत नाही. पायातली ताकद जाते, ते गळून खाली बसतं, बोलत असतं, पिंडऱ्या हाताला मऊच लागतात. "नाटक करतोय, ऊठ" म्हणायची चूक इथेच होते. सावलीत घ्या, शर्यत बंद, मिळाला तर ऑक्सिजन, आणि दवाखाना. कार्ड नसेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट आहे. त्या सात कोटींत तुमचं पोरगं आहे, आणि शर्यतीच्या फॉर्मपेक्षा ते कार्ड जास्त महत्त्वाचं आहे.

"आदिवासी पोरं जन्मजात काटक असतात, त्यांना काही होत नाही" हे वाक्य व्यासपीठावरून मी अनेकदा ऐकलं आहे. कौतुक म्हणून बोललं जातं, पण त्याच्या आड पाण्याचा ड्रम, डॉक्टर आणि हेल्मेट वाचवले जातात. नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं ते वर्षानुवर्षांच्या सरावावर आणि प्रशिक्षकाच्या मेहनतीवर. रक्तातल्या काटकपणावर सोडलं असतं तर ती दिल्लीपर्यंत पोहोचली नसती.

आणि प्रमुख पाहुणे! हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. सात वाजता सुटणारी शर्यत पाहुण्यांसाठी साडेनऊला सुटते. मुलं रिकाम्या पोटी, हेल्मेट घातलेली, उन्हात रांगेत उभी. भाषणं, दीपप्रज्वलन, फोटो. आपल्या जिल्ह्यात फेब्रुवारी संपता संपता ऊन चटके देऊ लागतं आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शर्यत सुटायच्या आधीच अर्ध्या मुलांच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि मग चढावर कुणी बरळायला लागतं, कुणी कोसळतं. असं मूल तापलेलं आणि गोंधळलेलं असेल तर तो उष्माघात समजा. आधी अंगावर पाणी ओता, ओले कपडे गुंडाळा, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत लावा. गाडीची वाट बघत कोरडं ठेवू नका. पण त्याच्या आधीचं काम पालकांचं आहे. तासभर उशीर झाला की पाच-सात पालकांनी मिळून आयोजकांकडे जायचं आणि सांगायचं, शर्यत सोडा, पाहुणे बक्षीस द्यायला येतील. एकट्याचं ऐकत नाहीत, सात जणांचं ऐकतात. मी करून पाहिलं आहे.

वयाबद्दल थोडक्यात. यूसीआयच्या माउंटन बाइक जागतिक स्पर्धेत सर्वांत लहान गट सतरा-अठरा वर्षांचा असतो. जगाला सोळाव्या वर्षाआधी विश्वविजेता नको आहे, आणि आपल्याला नवव्या वर्षी "तालुका चॅम्पियन" हवा! दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलांना वळणं घ्यायला, ब्रेक दाबायला, नीट पडायला शिकवा. त्यांची फेरी असू द्या, टाळ्या असू द्या, क्रमांक कशाला? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका असं सांगते. आठवड्यात एक-दोन दिवस सायकल कोपऱ्यात राहू द्या, क्रिकेट खेळू द्या.

सायकलही मुलाच्या मापाची हवी. "पुढे वाढेल की" म्हणून मोठी घेतलेली सायकल उतारावर आवरत नाही. त्याने हँडल धरलेलं असताना दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर आरामात पोहोचतात का ते पाहा. पोहोचत नसतील तर दांडीजवळचा स्क्रू फिरवून ती बऱ्याच सायकलींत जवळ घेता येते, दुकानदार दोन मिनिटांत करून देतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणारी सायकल शाळेत जायला उत्तम आहे, पण घाटाच्या उतारावर शर्यत लावायची ती सायकल नाही. आणि मनगटावर पडलेल्या मुलाला "मुरगळलं असेल" म्हणून मालिश करणाऱ्याकडे नेण्याआधी एक एक्स-रे काढा. वाढत्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. ती दुखावली असेल आणि वरून चोळली गेली तर हात वाकडा वाढू शकतो.

शेवटी हेल्मेट. २००३ च्या मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला आणि डोक्याला मार लागून गेला, त्याने हेल्मेट घातलं नव्हतं. त्याच वर्षी यूसीआयने हेल्मेट सक्तीचं केलं. त्याआधी व्यावसायिक सायकलपटूच याला विरोध करत होते, उन्हात गरम होतं म्हणून. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र आकडेमोड झाली, तिच्यात हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी दिसली. आपल्याकडे काही मुलं वडिलांचं मोटारसायकलचं हेल्मेट घालून येतात. ते जड असतं, डोक्यात फिरतं, उन्हात भट्टी होते आणि कानावरून आवाज येत नाही. सायकलचंच हवं, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसणारं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटंच जातील असं.

"सक्ती केली तर अर्धी मुलं येणार नाहीत, गरिबांची पोरं आहेत डॉक्टर," असं इथल्याच एका आयोजकाने मला ऐकवलं. त्यांच्या व्यासपीठावर तेव्हा कमरेएवढ्या उंचीच्या ट्रॉफींची रांग होती. मुलं गटागटाने सुटतात. तीन मापांची वीस हेल्मेट घेतली तर एक गट परत आला की दुसऱ्याला देता येतात, आत प्रत्येकाने आपला धुतलेला रुमाल बांधायचा. एकदा घेतली की चार-पाच वर्षं पुरतात. ट्रॉफी अर्ध्या उंचीच्या घ्या, पैसे निघतात. एवढंच करा की जे हेल्मेट घालून मूल डोक्यावर पडलं ते बाजूला काढा आणि त्यावर मार्करने मोठी फुली मारा, म्हणजे पुढच्या वर्षी चुकून दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाणार नाही. ते एका आपटण्यासाठीच बनवलेलं असतं.

माझ्या मुलाचं ते हेल्मेट मी टाकलेलं नाही. दवाखान्यात टेबलावर, बीपीच्या मशीनशेजारी ठेवलं आहे. बाहेरून साधा ओरखडा दिसतो. उलटं केलं की आतलं थर्माकोल उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिरलेलं दिसतं. पुढच्या वेळी याल तेव्हा हातात घेऊन बघा.